चौथीअखेर तिला सगळं येतं

‘चौथीअखेर विद्यार्थी साधा उतारा योग्य गतीने व अर्थ समजून वाचतो.’ हे वाक्य ज्या कुणी लिहिलं तो मला आयुष्यात भेटला नाही, हे त्याचं नशीब. वाक्यात चूक काहीच नाही. चौथीच्या मुलाला वाचता आलंच पाहिजे, मी कुठे नाही म्हणते? पण मूल दिवसभर कुठे असतं, घरी त्याला बसायला जागा आहे का, मागच्या वर्षी ते गावी होतं की सुरतेत, यातलं काहीही न विचारता कुणीतरी लांबच्या कचेरीत बसून ठरवलं होतं, की चौथी संपली म्हणजे ते वाचतं. जणू दुधाचे दात पडले की नवे येतात, तसं वाचन आपोआप येतं.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. सुरतेच्या लिंबायत भागातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी चौथीचा वर्ग घेत होते. त्या वर्षी वरून नवे तक्ते आले. भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येक विषयाच्या किमान क्षमता ठरवलेल्या आणि प्रत्येक क्षमतेला क्रमांक दिलेला. एका बाजूला मुलांची नावं लिहायची, समोर रकाने, आणि मुलाला जमलं की रकान्यात बरोबरची खूण करायची. परिसर अभ्यासात ‘परिसर स्वच्छ ठेवण्याचे महत्त्व सांगतो’ अशी एक क्षमता होती. प्लेगनंतर सुरत कशी चकाचक झाली याच्या बातम्या तेव्हा सारख्या छापून यायच्या. आमच्या वर्गाच्या खिडकीखालचं उघडं गटार त्या बातम्यांत नव्हतं. मुलं नाकाला रुमाल लावून स्वच्छतेचं महत्त्व सांगायची आणि मी खूण करायची.

हा विनोद नाही. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

वर्गातली बहुतेक मुलं खानदेशची. बाप लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, आणि आई घरी बसून साड्यांमागचे लोंबते धागे कापायच्या कामावर. एका खोलीत सगळं घर. बापाची रातपाळी असली की तो सकाळी येऊन झोपायचा, आणि मग दिवसभर त्या खोलीत कुणी तोंड उघडायचं नाही. दुपारी मुलांना बाहेर पिटाळायचे, नाहीतर कोपऱ्यात गुपचूप धागे कापायला बसवायचे. आणि आम्ही मास्तर लोक सांगत होतो, रोज घरी मोठ्याने वाचन करा. मीही पहिल्या वर्षी सांगितलं होतं. एका मुलाने उभं राहून सांगितलं, ‘बाई, बाप मारस.’ त्यानंतर मी सांगणं सोडून दिलं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. तिच्या नावाचा लोकांनी पुरेसा वापर करून घेतला आहे.

प्लेग आला तेव्हा ती दुसरीत होती. अर्धी गल्ली रातोरात गावाकडे पळाली, त्यात तिचं घरही होतं. ते परत आले तेव्हा वर्ष सरत आलं होतं. तिला कुणी काही विचारलं नाही, तिसरीत ढकललं, तिथून चौथीत. माझ्याकडे आली तेव्हा तिला सुटी अक्षरं ओळखता येत होती, पण दोन अक्षरं जोडून शब्द करायचा म्हटलं की ती खिळल्यासारखी गप्प व्हायची. आणि तरीही वरवर पाहणाऱ्याला ती हुशार वाटायची, कारण तिची स्मरणशक्ती अशी की एकदा कानावर पडलं की पडलं. कविता, पाढे, अख्खे धडे. आवाज न करता ऐकत बसायची सवय घरानेच लावली होती. दोन इयत्ता तिने कानांवर काढल्या होत्या.

मी तिला आणि तिच्यासारख्या आणखी काहींना शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायला लागले. पहिलीचं पुस्तक काढलं. काना, मात्रा, वेलांटी, जोडून वाच, पुन्हा जोड. ती चिडायची. चौथीतल्या पोरीच्या हातात पहिलीचं पुस्तक, तिला लाज वाटायची, पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणायची. पण येत होतं. हळूहळू, कुरकुरत, पण येत होतं. ‘कमळ’, ‘बदक’च्या पुढे गाडी सरकली होती.

अशात एके दिवशी आचार्यांनी आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावलं. गुजरातेत मुख्याध्यापकाला आचार्य म्हणतात. आमचे आचार्य मराठीच होते, पण तीस-एक वर्षं सुरतेत काढलेले, त्यामुळे आम्हा बायांना ‘बेन’ म्हणायचे. म्हणाले, ‘साहेब तपासणीला येणार आहेत. तक्ते पुरे पाहिजेत. एकही रकाना रिकामा नको.’

मी म्हटलं, ‘सर, चौथी अजून संपलीसुद्धा नाही. चौथीअखेरच्या खुणा आत्ताच कशा करायच्या?’

‘बेन, करायच्या म्हणजे करायच्या. आणि साहेब वर्गात येऊन वाचून घेणार. तेव्हा कच्ची मुलं मागच्या मैदानात शिपायाबरोबर सफाईला लावा. त्यांच्या जागी पाचवीतली चांगली मुलं बसवू. नाव पुकारलं की हाजर म्हणतील, झालं.’

मला आधी वाटलं, मी नीट ऐकलं नाही. बाकीचे शिक्षक माना खाली घालून बसले होते, त्यावरून कळलं की मी नीटच ऐकलं आहे. अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, ‘माझ्या वर्गात हे होणार नाही.’

आचार्य ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, ‘बेन, आपले मराठी वर्ग बंद करायला लोक टपून बसलेत. मुलं मागे पडतात असा कागद वर गेला की पहिला बळी आपला. मग तुम्ही कुठे जाणार, मी कुठे जाणार, आणि ही पोरं कुठे जाणार? गुजरातीत बसवाल त्यांना?’

यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. म्हणूनच तर जास्त संताप होतो. खोटं बोलायला माणसाला चांगलं कारण सापडलं की तो बिनघोर खोटं बोलतो.

तपासणीच्या दिवशी मी वर्गावर पोचले तेव्हा माझी मुलं आधीच उचलली गेली होती. आसनपट्ट्यांवर पाचवीची पोरं, तेल लावून भांग पाडलेली. माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या जागी पाचवीतली एक चुणचुणीत पोरगी, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिचाही काय दोष? तिला सांगितलं होतं, ती बसली होती. मी आचार्यांकडे निघाले, तोवर ते साहेबांना घेऊन दारात उभे.

साहेब गुजराती. स्वभावाने गरम नव्हते, घाईत होते. हजेरी सुरू झाली. माझ्या मुलीचं नाव आलं आणि लाल रिबिनी उभी राहून म्हणाली, ‘हाजर.’ साहेबांनी तिलाच वाचायला सांगितलं. गावच्या बाजाराचा धडा होता. तिने तो असा खणखणीत वाचला की साहेब मान डोलावू लागले. भाजीवाली, बांगडीवाला, गुळाची ढेप, सगळं आवाज बदलून.

मी सहज खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या गजांपलीकडे माझी मुलगी उभी होती. हातात खराटा. ती ऐकत होती. ओठ हलत होते तिचे.

माझ्याने राहवलं नाही. मी पुढे झाले आणि म्हटलं, ‘साहेब, ही ती मुलगी नाही. त्या नावाची मुलगी ती बाहेर उभी आहे. ही पाचवीतली आहे.’

आचार्यांचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. खराट्यासकट पाहिलं, मी खोटं सांगत नाही. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, ‘बेन, बेसो ने. छोकरीए सरस वांच्युं.’ बसा हो बाई, पोरीने छान वाचलं. आणि सही केली.

म्हणजे त्यांना माहीत होतं. येतानाच माहीत असणार. मी आत्तापर्यंत समजत होते की आपण साहेबांच्या डोळ्यांत धूळ फेकतोय आणि मी ती थांबवतेय. साहेब तर आपली धूळ घरून घेऊन आले होते. त्या क्षणी मला कुणाचा जास्त राग आला ते सांगता येत नाही.

शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ‘बाई, तिनी मन्हं नाव काब्र सांगं?’ माझं नाव तिने का सांगितलं? मी म्हटलं, मोठ्या माणसांनी चूक केली, तू मनावर घेऊ नकोस. तिने थोडा वेळ वाट पाहिली. आणखी काहीतरी उत्तर येईल असं तिला वाटलं असावं. मग दप्तर उचलून गेली. त्या दिवशी तिने पहिलीचं पुस्तक काढलं नाही.

इथवर थांबलं असतं तर हा एक नेहमीचा सरकारी किस्सा झाला असता. पण पुढे वालीसभा झाली. पालकसभेला तिकडे वालीसभा म्हणतात. आचार्यांनी सगळ्या आयांसमोर जाहीर केलं, की चौथीच्या सर्व मुलांना सर्व विषयांतल्या सर्व क्षमता आल्या आहेत. एवढ्यावर भागलं नाही. साहेबांनी एका मुलीचं खास कौतुक केलं म्हणून सांगितलं, आणि माझ्या मुलीचं नाव पुकारून टाळ्या वाजवायला लावल्या. मागच्या रांगेत, डोक्यावरचा पदर सावरत तिची आई उभी राहिली. सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. त्या बाईसाठी सुरतेत आजवर कुणी टाळी वाजवली नसेल. मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं मला मागाहून काही जणांनी सुनावलं. भर सभेत, त्या आनंदाने फुललेल्या तोंडावर? सुनावणाऱ्यांनी एकदा उभं राहून बघावं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलीची आई वर्गात आली. कागदात बांधलेले पेढे माझ्या टेबलावर ठेवले.

‘बाई, मन्ही पोरले बठ्ठं येस ना आते? साहेबनी सांगं.’

मी काही बोलायच्या आत तिनेच पुढे सांगितलं. सगळं येतंय तर आता पोरीला घरी बसू द्या. धाकटा अंगावर पितो, धाग्यांचं काम वाढलंय. ‘मले हातभार लागी.’ वाचता येतं, हिशोब येतो, मग अजून काय शिकायचं राहिलं? तिने हे हट्टाने म्हटलं नाही, अगदी मनापासून विचारलं. दुकानातून सामान पुरं आल्यावर माणूस घरी जायला निघतो, तशी ती निघाली होती.

मला तिचा राग आला नाही. तिच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. शाळेने सांगितलं मुलगी पूर्ण शिकली. शाळेवर विश्वास ठेवणारी बाई आणखी काय करणार? आम्हीच शिकल्यासवरलेल्यांनी एका कागदासाठी तिच्या मुलीची शाळा संपवून टाकली होती.

‘ताई,’ मी म्हटलं, ‘तिला वाचता येत नाही.’

तिचं हसू जागच्या जागी थांबलं. ‘साहेब मोठा शे का तुम्ही?’

‘साहेबांपुढे तिने वाचलंच नाही. दुसरीच मुलगी...’

‘तुमले मन्ही पोर डोळामा खुपस,’ ती म्हणाली. तुमच्या डोळ्यांत माझी पोर खुपते. ‘उशिरापर्यंत थांबाडतस तिले, बाकीन्या पोरी घर जातस. मी काय बघस नही का?’

मग तिनेच दारात जाऊन मुलीला हाक मारली. ‘वाच बरं. बाईले दखाड.’

टेबलावर चौथीचं पुस्तक होतं. मी हाताला येईल ते पान उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. मुलीने एकदा आईकडे पाहिलं, मग पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. बोट ओळीवरून सरकत होतं, आवाज खणखणीत. भाजीवाली, बांगडीवाला, गुळाची ढेप. अगदी त्या लाल रिबिनीसारखे आवाज बदलून. खिडकीबाहेर खराटा हातात धरून ऐकलेला धडा, एक शब्दही गळला नव्हता. नजर मात्र पुस्तकावर नव्हती. माझ्यावर होती.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीचं वाचन जवळून बघावं म्हणून ती पुस्तकावर वाकली.

उघडलेलं पान मधमाश्यांच्या धड्याचं होतं. अर्ध्या पानावर मोहोळाचं मोठं चित्र.

मला पुस्तक मिटता आलं असतं. मी मिटलं नाही. दोन्ही हातांनी उघडं धरून ठेवलं. मिटलं असतं तर ती पोरगी त्याच दुपारी घरी गेली असती आणि जन्मभर धागे कापत बसली असती, आणि आम्ही सगळ्यांनी तिला शाब्बास म्हटलं असतं.

बाई अडाणी होती, आंधळी नव्हती. तिने चित्र पाहिलं. मुलगी गुळाच्या भावापर्यंत पोचली होती. आईने चित्रावर बोट ठेवलं. ‘हाई तं मोहोळ शे. बजार कोठे शे याम्हा?’

मुलगी थांबली.

‘मोहोळनं वाच,’ आई म्हणाली.

मुलीने ओठ मिटून घेतले. तिने प्रयत्न केला, ते मी पाहिलं. ‘म’ला धरून होतं तिचं बोट. पण त्या घटकेला तिला ‘म’सुद्धा येईना.

आईने तिच्या थोबाडीत मारली. आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला असेल. ‘साहेबना समोर वाचं, आनि मन्हा समोर तोंडले कुलूप?’

मी तिचा हात धरला. माझा आवाज चढला होता, आख्खी शाळा ऐकत असेल, ऐकू दे. मी म्हटलं, ‘हिला का मारता? हिने कुणाला फसवलं? हिला हाकलून हिच्या जागी दुसरी बसवली. ती बसवणारे त्या खोलीत बसलेत. मारायचंच असेल तर तिकडे जाऊन मारा!’

मग मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तिने मुलीला विचारलं, ‘खरं शे?’ मुलीने मान हलवली. गालावर बोटं उमटली होती. एक खोटं चौघांनी मिळून रचावं, त्यावर साहेबाने सही करावी, टाळ्या वाजाव्यात, आणि त्याची चपराक मात्र ज्या एकाच माणसाने त्यात काही केलं नाही त्याला बसावी. आजही हे लिहिताना माझे दात आवळले जातात.

आईने टेबलावरचे पेढे उचलले आणि ती सरळ आचार्यांच्या खोलीत गेली. मी मागोमाग. पुडा त्यांच्यासमोर ठेवून ती म्हणाली, ‘हाई तुमनं. आते मन्ही पोरले शिकाडा.’

आचार्य गडबडले. ‘ताई, बसा. हे बघा, कागद आता वर गेला, त्यात बदल करता येत नाही...’

‘कागदनं ऱ्हाऊ द्या,’ ती म्हणाली. ‘पहिलेपाईन शिकाडा.’ अगदी पहिल्यापासून.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुलीला हाताला धरून वर्गात आणून बसवलं. धाग्यांचं काम तिने एकटीने कसं ओढलं, ते तिलाच माहीत. आचार्यांनी मला नंतर एकदा हळूच सांगून पाहिलं, की निदान ते पहिलीचं पुस्तक वरती दिसू देऊ नका, कागदावर ही मुलगी चौथी पार झालेली आहे, कुणी पाहिलं तर पंचाईत. मी त्यांना जे उत्तर दिलं ते छापण्याजोगं नाही. वर्ष संपल्यावर माझी बदली बमरोलीकडच्या शाळेत झाली, ती त्या उत्तरामुळे की आणखी कशामुळे, मी विचारायला गेले नाही.

मुलगी रोज यायची. शाळा सुटल्यावर थांबायची, सांगेन ते करायची. पण ती माझ्याशी बोलायची बंद झाली ती झालीच. आधी कुरकुरायची, चिडायची, मध्येच गावच्या गोष्टी सांगायची. आता फक्त पुस्तकातलं बोलायची. शब्द अडला तरी विचारायची नाही, दात चावून स्वतःच सोडवत बसायची. मी पान मिटलं नव्हतं, हे तिच्या लक्षात होतं. तिचा राग वाचनाच्या कामी आला, असं कुणी गोड करून सांगू लागलं तर मी ऐकून घेणार नाही. एवढ्याशा पोरीला वाचायला शिकण्यासाठी इतकं रागवावं लागू नये.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, जवळ आली. खानदेशातल्या लेकी आखाजीला माहेरी जातात, त्यामुळे आमचे वर्ग त्या सुमाराला निम्मे रिकामे होत. निघायच्या आधी आई मुलीला घेऊन मला भेटायला आली. तिने स्वतः टेबलावरचं चौथीचं पुस्तक घेतलं, स्वतः चाळलं, आणि चित्र नसलेलं एक पान काढून मुलीसमोर धरलं. हुशार बाई.

मुलगी वाचायला लागली. खणखणीत नाही. अडखळत, अक्षर अक्षर जोडत, एखाद्या जोडाक्षरापाशी मागे येऊन पुन्हा धाव घेत. काही शब्द चुकले, काही दोनदा वाचले. योग्य गती वगैरे काही नव्हती. पण नजर पानावर होती, आणि जे तोंडातून येत होतं ते त्याच पानावर छापलेलं होतं. मी शेजारून ओळीवर डोळा ठेवून होते. आई माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, तेव्हा तिने श्वास सोडला.

‘चाल, बाईना पाय पड,’ ती मुलीला म्हणाली.

मुलीने पुस्तक मिटलं, टेबलावर सरळ करून ठेवलं. मग कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

‘नही,’ ती म्हणाली.

आई ओशाळली, तिचा हात वर गेला. मी मध्ये हात घातला आणि म्हटलं, राहू द्या. त्या शाळेत असं कुणीही नव्हतं, ज्याच्या पाया त्या पोरीने पडावं. मीही नव्हते.